महिरपीच्या आत

आमच्या इमारतीत रामटेकेसाहेबांना सगळेच घाबरायचे. ते आवाज चढवणारे नव्हते. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. लोक घाबरायचे ते त्यांच्या एका प्रश्नाला. कोणी नवा कूलर आणला, गाडी घेतली, मुलीच्या लग्नासाठी सोनं केलं, की जिन्यात गाठून ते विचारायचे, "कितीले घेतलं? अन् कधी?"

"असेल तीस-पस्तीस हजाराच्या आसपास," असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

"आसपास म्हणजे कुठं? मनीषनगरात का सोमलवाड्यात?"

आज त्याचे किती येतील, हे मात्र त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. माझे यजमान एकदा हौसेने सांगायला गेले, की आपल्या फ्लॅटचा भाव आता तिप्पट झालाय. साहेब म्हणाले, "विकला का?" नाही. "मंग तो भाव आहे, पैसा नाही." यजमान त्यानंतर लिफ्टने जाऊ लागले.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी इमारतीच्या सोसायटीची सचिव. दिवसा एका शाळेच्या कार्यालयात काम, आणि घरी, दारी, पर्समध्ये, फ्रिजवर याद्या. वार्षिक सभेत मी हिशेब वाचत होते. जुनी पाण्याची मोटर भंगारात गेली होती. मी लिहिलं होतं: मोटर विक्री, नफा चार हजार. मागच्या रांगेतून साहेब उभे राहिले.

"नफा कसा? मोटर कितीले घेतली होती?"

कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना होतं. साडेअठरा हजार. वर दोनदा वाइंडिंग, त्याचे वेगळे. तो कागद त्यांनी खिशातून काढून मला दिला आणि म्हणाले, "घसारा धरा, काहीबी धरा. हा तोटा आहे, सेक्रेटरीबाई. तुम्ही तोट्याचे पेढे वाटून राहिले."

सभा हसली. मी घरी येऊन रडले नाही, पण दार जोरात लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि विचारलं, तुम्ही हे सगळं लिहून कुठे ठेवता?

त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही कोपऱ्यात होता आणि संगणक मधोमध. कोराडीच्या वीज केंद्रात लेखा विभागात त्यांची सगळी नोकरी गेलेली. पत्नी वारलेल्या, मुलगा प्रशांत पुण्याला. पडद्यावर रंग नव्हते, चौकटी नव्हत्या, चित्रं नव्हती. काळ्यावर पांढरा साधा मजकूर, एखाद्याने एका बोटाने चिठ्ठी टंकावी तसा. हीच त्यांची 'वही'.

"याले प्रोग्राम लागत नाही?" मीही त्यांच्यासारखीच बोलून गेले.

"बेरीज तपासाले लागते. लिहाले नाही लागत. प्रोग्राम बंद पडला, कंपनी बुडाली, तरी हे कोणालेबी वाचता येते."

मग त्यांनी मला दाखवलं. प्रत्येक व्यवहाराच्या किमान दोन ओळी. एकीकडून गेलं, दुसरीकडे आलं. दोन्हींची बेरीज शून्य. शून्य आली नाही तर तपासणारा प्रोग्राम लाल ओळ दाखवायचा. साहेब म्हणायचे, वही बोंबलली. वही बोंबलली नाही की ते समाधानाने चष्मा काढून पुसायचे.

एवढं मला कळलं. पुढचं त्यांनी माझ्या हाताकडे पाहून शिकवलं.

"या दोन बांगड्या एकाच वेळी केल्या?"

"नाही. एक लग्नातली. दुसरी मुलगी झाली तेव्हाची."

"वजन?"

"दोन्ही तोळा-तोळा."

"उद्या एक विकली. कोणती विकली?"

"कोणतीही. सारख्याच तर आहेत."

"सोनाराले सारख्या. तुम्हाले नाही. समजा, एक आली साडेचार हजारात, दुसरी सहा हजारात. किती कमावलं, हे कोणती गेली त्याच्यावर आहे. म्हणून दोघींच्या गळ्यात चिठ्ठी बांधाची." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आकड्याच्या पुढे कंस होता, मधोमध टोक आलेला, शाळेत ज्याला आपण महिरपी कंस म्हणायचो. त्याच्या आत, ती वस्तू त्या दिवशी कितीला घेतली तो आकडा. "हे महिरपीच्या आत. इथलं कधी बदलत नाही. बाहेर बाजार आहे, तो रोज बदलते."

वस्तू शंभर असोत, एका नावाच्या असोत. ज्या वेळी जितक्याला घेतल्या तसे त्यांचे वेगळे गट, प्रत्येकाची वेगळी महिरप. त्यांच्या वहीत शेअर होते, सोनं होतं, पत्नीची शिलाई मशीनही होती. एक नग, महिरपीत तिची किंमत. मशीन सात वर्षं कोणी चालवली नव्हती. ती वहीतून कमी करायची असेल तर विकली, दिली किंवा मोडली, यातलं एक लिहावं लागेल, आणि यातलं एकही खरं नाही, असं ते म्हणाले.

त्या वहीत एक महिरप अशी होती की तिच्यात आकड्याबरोबर एक नावही होतं.

साहेबांची धाकटी बहीण कमलताई मौद्याजवळच्या गावात राहायची. विधवा, मूलबाळ नाही, दिराच्या घरात मागची एक खोली. तिच्या नावावरची जमिनीची पट्टी रस्त्यात गेली आणि मोबदला आला. पासबुक भरून आणायचं काम दिराकडे, त्यामुळे खात्यात पैसा राहिला की तो दीर मागून घेणार, हे ठरलेलं. ती बसने भावाकडे आली. एकेचाळीस हजारांचा चेक त्याच्या हातात दिला. दिराला सांगितलं, दादाचं जुनं देणं होतं, फेडलं. भावाला, कोणी विचारलं तर तूही तसंच सांग, असं बजावलं आणि म्हणाली, "दादा, तुझ्या वहीत ठेव."

तिचं शेअरचं खातं नव्हतं. साहेबांनी तिच्या पैशांचे स्वतःच्या खात्यात शेअर घेतले, एका जुन्या कंपनीचे. त्याच कंपनीचे त्यांचे स्वतःचे दोन गट आधीच होते. खात्यात सगळे मिळून सहाशे, आणि सहाशेही रामटेक्यांच्या नावावर. त्यातले कोणते कोणाचे, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

दर रविवारी सकाळी, तर्री-पोहे झाले की, मी वर जायचे. पडद्यासमोर मी बसायचे, ते खिडकीकडे तोंड करून पाठ म्हणायचे. मला वाटायचं, निवृत्त माणसाचा विरंगुळा.

"दोनशे शेअर, महिरप सुरू, एकशे दहा, महिरप बंद. दीडशे शेअर, महिरप सुरू, एकशे ऐंशी, महिरप बंद. अडीचशे शेअर, महिरप सुरू, एकशे चौसष्ट, कमल, महिरप बंद."

'कमल' म्हणताना आवाज जरा स्वच्छ यायचा.

एका रविवारी ते म्हणाले, "अडीचशे शेअर, महिरप सुरू, एकशे ऐंशी..." आणि थांबले. ते वळले.

"बरोबर आहे का?"

"एकशे चौसष्ट."

"मी काय म्हटलं?"

"एकशे ऐंशी."

ते हसले. पण खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात निघाला नाही. मग त्यांनी सांगितलं, की हा पाठ विरंगुळा नव्हता. वर्षभर ते स्वतःला तपासत होते. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव घेतलं होतं. प्रशांतला कळवलं नव्हतं. पोरगा नोकरी सोडून येईल, म्हणाले.

मी धीर द्यायला गेले. "साहेब, वही आहे ना. विसरलात तर वहीत पाहायचं. लिहून ठेवतो कशासाठी आपण?"

तेव्हा ते जे बोलले ते मला आजही याद्या लिहिताना कधी कधी आठवतं.

"मी विसरलो, तर वही आहे. पण मीच वही बदलली, तर?"

"कशाला बदलाल?"

"चूक दिसली की मी दुरुस्त करतो, बाई. पस्तीस वर्ष तेच केलं. मले जे समजणार नाही, ते मले चूक वाटेल."

मी त्याच रविवारी यादी केली. एक, कमलताईंच्या नावाने खातं उघडायचं. दोन, अडीचशे शेअर तिकडे वळते करायचे. तीन, डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं की साहेबांना अजून समजतं. चार, प्रशांतला सांगायचं. ते प्रत्येक कलमाला मान डोलावत होते. वहीची एक प्रत घेऊन जा, असंही म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, तुमचा खाजगी हिशेब, माझ्या घरी कशाला. यादीत पाचवं कलम लिहायला हवं होतं, ते मी असं नम्रपणे सोडून दिलं.

डॉक्टरांचं पत्र आठवड्यात मिळालं. अडलं पहिल्याच कलमावर. कमलताई एका कागदावर कमल होत्या आणि दुसऱ्यावर कमला. त्या एका काना-मात्रेच्या फरकापायी अर्ज दोनदा परत आला. तिकडे दीर वारला आणि त्याच्या मुलांनी खोली मागितली. दिवाळीपर्यंत राहा काकू, म्हणाले. कमलताईंनी गावातच एका मास्तरांची दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली. त्यांची सगळी भिस्त त्या अडीचशे शेअरवर. मला फोन करून विचारायच्या, "बाई, दादा बरा आहे ना?" बरा म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी आठवड्यातून तीनदा वर जाऊ लागले. दार उघडलं की पहिल्यांदा त्यांचे डोळे पाहायचे, मग पडदा. कधी डोळे नेहमीचे, कधी स्वयंपाकघरातला नळ चालूच सोडलेला. एकदा शर्टाच्या खिशात चार पेनं होती आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मे महिन्यात शाळेच्या निकालाचं काम आलं आणि मी नऊ दिवस गेले नाही. दहाव्या दिवशी, एका दुपारी, त्यांनीच फोन केला. आवाजात आनंद.

"सेक्रेटरीबाई, या वर. वही पाहा कशी लख्ख केली."

कूलर घरघरत होता. पडद्यावर जिथे तीन ओळी असायच्या तिथे एक होती. सहाशे शेअर, महिरपीत एकशे पन्नास.

मला आधी समजलंच नाही. ते समजावून सांगत होते, एखाद्या नव्या कारकुनाला सांगावं तसं. "कोणीतरी तीन तुकडे करून ठेवले होते. एकाच कंपनीचे, एकाच खात्यातले. एकात तर कोणाचं नाव घुसलं होतं, आकड्यात नाव! मी सरासरी काढली. बावीस हजार, सत्तावीस हजार, एकेचाळीस हजार. नव्वद. भागिले सहाशे. दीडशे! एक पैसा इकडचा तिकडं नाही. असं गोल उत्तर येते का चुकीचं?"

"आणि... वही बोंबलली नाही?"

"काहून बोंबलल? बेरीज तीच आहे."

खरंच होतं. बेरीज तीच होती. दोन्ही बाजू जुळत होत्या, शून्य येत होतं, लाल ओळ नव्हती. ज्या यंत्रावर त्यांचा आयुष्यभर विश्वास, ते यंत्र गप्प होतं, कारण साहेबांनी चूकही हिशेबाने केली होती. माझ्यासारखीने गडबड केली असती तर वहीने आरडाओरड केली असती.

"जुनी प्रत?" मी विचारलं.

शिस्तीचा माणूस. साफ झाल्यावर पेनड्राइव्हवर जुनी पुसून नवी वही चढवली होती. कपाटातले छापील कागद फाडून बादलीत टाकले होते, जुन्या-नव्याचा घोळ नको म्हणून. बादली घंटागाडीत गेली होती.

"कमल कोण आहे, साहेब?" मी विचारलं.

"कमल? बहीण माझी. मौद्याकडं राहते." त्यांनी सहज सांगितलं. "काहून?"

"तिचे काही पैसे आहेत का तुमच्याकडे?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वहीत कुठेच तिचं नाव नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "असते तर लिहिलं असतं."

मी जिना उतरताना कठडा धरला होता. एकशे चौसष्ट हा आकडा मला पाठ होता, पण मला पाठ असून काय उपयोग? आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वाटायला लागलं, एकशे चौसष्टच ना? की एकशे सेहेचाळीस? मी तिथेच पायरीवर बसून पर्समधली यादी काढली आणि तिच्या मागे तो आकडा लिहिला. लिहिल्यावरही खात्री होईना.

त्याच दिवशी पुण्याला प्रशांतला फोन केला आणि आजारापासून सगळं सांगितलं. मला भीती होती ती वेगळ्या उत्तराची. कागदावर सहाशेचे सहाशे उद्या त्याचेच होते. तो म्हणाला, "काकू, आत्याचं असेल तर आत्याला द्या. मी कशाला नाही म्हणू? फक्त बाबांना कळून त्यांनी द्यायला पाहिजे. नाहीतर ते मला चोर समजतील." मग हळूच, "ते मला ओळखतात ना अजून?"

"ओळखतात," मी म्हटलं. मी साहेबांना तसं कधी विचारलं नव्हतं.

अखेर कमलताईंचं खातं उघडलं. त्या बँकेचं जुनं पासबुक कापडात गुंडाळून घेऊन आल्या. सकाळची वेळ मुद्दाम धरली; सकाळी ते जास्त ताळ्यावर असायचे. शेअर वळते करायची चिठ्ठी मी सहीपुरती तयार ठेवली होती.

"जय भीम, दादा."

"जय भीम. ये. बस पाणी आला का गर्दीत? बस पाणी..." ते गोंधळले. "बसला गर्दी होती का, म्हणतो मी."

"होती गा. उभी आली मी."

चहा झाला. मी चिठ्ठी पुढे केली आणि काय आहे ते सांगितलं. त्यांनी ती पूर्ण वाचली. चष्मा काढला. बहिणीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. सभेत माझ्याकडे पाहिलं होतं त्याहून थंड.

"कमल, तुले पैसे पाह्यजे असन तर माग. भाऊ आहे मी. पण हे शेअर माझे आहे. तुले कोणी शिकवलं हे?"

"दादा, तुलेच देल्ले होते मी. एकेचाळीस हजार. चेक देल्ला."

"ते देणं होतं तुझं. तूच म्हणत होती."

कमलताईंनी पदर तोंडाला लावला. दिराला सांगितलेलं ते जुनं खोटं, नेमकं तेवढंच साहेबांच्या डोक्यात शाबूत राहिलं होतं.

"दादा, ते त्याले सांगितलं होतं मी, तुले नाही!"

"पुरावा?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही यात काहून आहे?"

मला वाटलं, संपलं. उठून जावं. पण पुरावा हा शब्द त्यांचा होता, आणि पुरावा म्हटलं की त्यांच्या घरात एक जागा होती. त्यांनी वहीचे कागद फाडले होते. दलालाकडून आलेल्या सौद्याच्या पावत्या फाडल्या नसणार. वही साफ करता येते, पावती फाडायची नसते, हे त्यांना आजाराच्या खालीही माहीत असणार. मी न विचारता कपाट उघडलं. वर्षांप्रमाणे लावलेल्या फायली. पानं उलटत गेले, त्या कंपनीच्या तिन्ही पावत्या काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. कमलताईंचं पासबुक त्या चेकच्या ओळीवर उघडून बाजूला ठेवलं.

त्यांनी पेन काढलं. एक-एक पावती पाहिली. पासबुकातला आकडा कागदावर उतरवला, एकेचाळीस हजार, आणि अडीचशेने भागायला घेतलं. हाताने, जुन्या पद्धतीने. भागाकार करताना हात अजिबात कापला नाही.

एकशे चौसष्ट. बाकी शून्य.

तिसऱ्या पावतीवर बोट ठेवलं. अडीचशे शेअर, दर एकशे चौसष्ट. पासबुकाची तारीख पाहिली, पावतीची पाहिली. चार दिवसांचं अंतर.

"देणं असं गोल भागत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा पावतीवर वाकले. "पण दलाली? दलाली वर लागली आहे. ते पैसे इच्या चेकात नाही."

त्यांनी दलालीचा आकडा खाली वेगळा लिहिला.

"म्हणजे दलाली मी भरली." ते थांबले. "मी काहून भरीन? दुसऱ्याच्या सौद्याची दलाली मी कधी भरली नाही. प्रशांतची नाही भरली. त्याच्याकडून घेतली."

कूलरचं पाणी टपकत होतं. साहेब बहिणीकडे बघत होते. ओळखीचं काही सापडतं का, म्हणून नव्हे, तर ताळा करत असल्यासारखे.

"बहिणीचा सौदा असन," ते हळू म्हणाले, "तरच भरीन."

त्यांना ते आठवलं नव्हतं. मी खात्रीने सांगते, आठवलं नव्हतं. त्यांनी ते पावतीवरून काढलं.

त्यांनी सही केली. पहिली वाकडी आली, म्हणून दुसऱ्या चिठ्ठीवर, एक-एक अक्षर कोरत. चिठ्ठ्यांच्या पुस्तकात तेवढ्या दोनच उरल्या होत्या. मग म्हणाले, "वही पहिल्यासारखी करा. तीन ओळी. महिरपा वेगळ्या." मी टंकलं, ते बोलत गेले. शेवटी म्हणाले, "आता कुलूप लावा. फक्त वाचता येईल, असं. अन् कुलुपाचा शब्द मले सांगू नका. मी विचारीन. रागावीन. सांगू नका."

त्यांनी विचारलं. चार वेळा. एकदा खूप रागावले. मी खाली येऊन दाराला कडी लावून बसले, पण सांगितलं नाही.

शेअर कमलताईंच्या खात्यावर गेल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला होता. मास्तरांची जागा त्यांनी घेतली. नळ अंगणात आहे, पण दार आपलं आहे, म्हणाल्या.

प्रशांत साहेबांना न्यायला आला तो पावसाळा सरता सरता. सामान थोडंच होतं. शिलाई मशीन मागच्या सीटवर आडवी ठेवली होती, चादरीत बांधून. साहेब पुढे बसले होते. शर्ट इस्त्रीचा, पण गुंडी एक चुकलेली. मी खिडकीशी गेले तसा त्यांनी माझा मनगटाशी हात धरला. पकड घट्ट होती.

"वहीले कुलूप लावलं ना?"

"लावलं, साहेब."

"त्याले शब्द सांगू नका."

"कोणाला?"

त्यांनी मान बाहेर काढून वर पाहिलं, तिसऱ्या मजल्याकडे. घराच्या खिडक्या प्रशांतने नुकत्याच बंद केल्या होत्या.

"एक म्हातारा येते दुपारी," ते कुजबुजले. "शर्ट माझ्यासारखाच घालते. हळू बोलते, शिकलेला दिसते, म्हणून त्याले कोणी अडवत नाही. येते अन् साफ करून टाकते."

"आता नाही येणार. कमलताईंचं त्यांच्या नावावर झालं. कोणीच नेऊ शकत नाही."

"तुम्ही पाहिला नाही त्याले," ते म्हणाले. "त्याचा हिशेब चुकत नाही."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. मी हात सोडवला. बोटं एकेक करून काढावी लागली. काच वर गेली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत साहेब सीटवर अर्धे मागे वळून बसले होते, एक हात शिलाई मशीनवर ठेवून, आणि त्या बंद खिडक्यांवरची नजर त्यांनी काढली नाही.